नदीकाठचा परराष्ट्रमंत्री

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला शनिवारची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१५पर्यंत आमचा प्रत्येक शनिवार अर्ध्या दिवसाचा असे. दुपारी कॅश जुळली की उरलेला दिवस आपला. पण जुळली तर! दहा रुपयांचा फरक निघाला तरी सगळ्या स्टाफला खोळंबून बसावं लागे आणि मन मात्र केव्हाच घरी पोहोचलेलं असे. अशाच एका शनिवारी, वेळेवर सुटका झाली म्हणून फोर्टातल्या फुटपाथवर रेंगाळत असताना, एक जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. ‘फ्लाय फिशिंग’. लेखक एडवर्ड ग्रे.

मासे धरण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मासा म्हणजे बाजारात वाट्यावर मिळतो तो, एवढीच माझी मत्स्यविद्या. पण लेखकाचं नाव ओळखीचं निघालं. शाळेच्या इतिहासात पहिल्या महायुद्धाच्या धड्यात भेटलेला हा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री. १९०५च्या डिसेंबरपासून १९१६च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे सलग ११ वर्षं, तो त्या खुर्चीवर होता. इतका काळ एका दमात ते पद दुसऱ्या कोणीच सांभाळलेलं नाही. असा माणूस ट्राउट माशांवर पुस्तक लिहितो? कुतूहल म्हणून ते घेतलं. तेव्हापासून या गृहस्थानं माझी पाठ सोडलेली नाही.

ग्रेचा जन्म २५ एप्रिल १८६२चा, लंडनचा. घराणं राजकारणातलं. आपण ज्याच्या नावाचा सुगंधी चहा पितो तो अर्ल ग्रे, १८३२च्या संसद सुधारणेच्या वेळचा पंतप्रधान, हा याच्या पणजोबांचा भाऊ. आजोबा सर जॉर्ज ग्रे गृहमंत्री झालेले. एडवर्ड बारा वर्षांचा असताना वडील वारले आणि आजोबांनी त्याला नॉर्थंबरलंडमधल्या फॅलोडन या वडिलोपार्जित घरी वाढवलं. इंग्लंडच्या पार उत्तरेचा हा भाग. भोवती शेतं, ओढे आणि जवळच समुद्र. या ओढ्यांमध्ये गळाला गांडूळ लावून पोरगा मासे धरायला शिकला. आपल्याकडची खेड्यातली पोरं शिकतात, तसाच.

१८७६ साली त्याला विंचेस्टरच्या शाळेत घातलं आणि तिथे त्याची गाठ इचेन नदीशी पडली. ती गाठ आयुष्यभर सुटली नाही.

इचेन ही दक्षिण इंग्लंडातल्या हॅम्पशायरची नदी. तिकडच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पावसाचं पाणी त्या दगडात मुरतं, गाळून निघतं आणि झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. त्यामुळे नदीला एरवीसारखे पूर नाहीत, गढूळपणा नाही, उन्हाळ्यात कोरड नाही. पाणी इतकं नितळ, की तळाच्या शेवाळाचा एकेक धागा हलताना दिसतो. अशा पाण्यात माणसाला मासा दिसतो, हे खरं; पण माशालाही माणूस दिसतो! त्यातून विंचेस्टरच्या पाण्यावर रोज कोणी ना कोणी गळ घेऊन उभं. तिथले ट्राउट म्हणजे मुरलेले कर्जदार, साध्या नोटिशीला दाद देणारे नव्हेत. पहिल्या हंगामात शाळकरी ग्रेचे हात जवळजवळ रिकामेच राहिले. पण तो रोज जात राहिला, काठावरच्या जाणत्यांकडे पाहत राहिला आणि शाळा सोडेपर्यंत त्यात तरबेज झाला.

हा प्रकार आहे तरी काय, हे थोडक्यात सांगायला हवं. नाहीतर ग्रेचं आयुष्य कळायचं नाही. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि मासा येण्याची वाट पाहतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. इवल्याशा गळाभोवती रेशीम आणि पिसांचे तंतू गुंडाळून एक माशी तयार करतात. नदीत एक प्रकारच्या नाजूक माश्या असतात. त्यांची अळी महिनोन् महिने तळाशी राहते. एके दिवशी ती वर येते, कात टाकते आणि पंख शिडासारखे उभारून क्षणभर पाण्यावर तरंगते. पंख आलेल्या या माशीला खाताच येत नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि एक-दोन दिवसांत मरून जायचं, एवढंच तिचं काम. ती पाण्यावर तरंगत असते त्या क्षणी ट्राउट तिला टिपतो. गळ टाकणाऱ्यानं नेमकी तशीच दिसणारी माशी, नेमकी तशीच तरंगत माशापर्यंत पोहोचवायची असते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून माणसानं मागून, दबकत यायचं. मासा जिथे वर आला तिथली पाण्यावरची वर्तुळं हेरायची. मग लांब काठीनं दोर हवेत मागेपुढे खेळवून माशी त्याच्या थोडी पुढे, अलगद सोडायची. दोराचा किंचित ताण बसून माशी प्रवाहाला सोडून सरकली, की संपलं; मासा शेवाळात पसार! म्हणजे या खेळात हातापेक्षा डोळे महत्त्वाचे. पाण्यावर तरंगणारा गव्हाच्या दाण्याएवढा ठिपका दहा-पंधरा पावलांवरून सतत दिसत राहायला हवा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑक्सफर्डमध्ये ग्रेनं अभ्यास सोडून सगळं केलं. रिअल टेनिस या जुन्या राजेशाही खेळात तो पुढे देशाचा हौशी विजेता झाला, तोही अनेकदा. पण १८८४ साली आळशीपणाबद्दल कॉलेजनं त्याला घरी पाठवलं. परत येऊन परीक्षा दिली, ती तिसऱ्या वर्गात पास झाला. मात्र १८८२ सालीच आजोबा वारले होते आणि सुमारे २००० एकरांची इस्टेट आणि ‘सर’ ही पदवी विशीतल्या पोराकडे आली होती. १८८५ साली, २३व्या वर्षी, तो खासदार म्हणून निवडून आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोरोथी विड्रिंग्टन या मुलीशी त्याचं लग्न झालं.

डोरोथीला लंडनच्या मेजवान्यांचा मनस्वी कंटाळा. नवऱ्याला राजकारणाची ओढ कमी आणि कर्तव्याची टोचणी जास्त. दोघांनी मिळून एक तोडगा काढला. १८९० साली इचेनच्या काठी, इचेन ॲबास या गावाजवळ, त्यांनी एक छोटंसं झोपडीवजा घर बांधलं. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत पार्लमेंट, शनिवारी पहाटेच वॉटर्लू स्टेशनवरून गाडी आणि न्याहारीच्या वेळेला नदीकाठ. तिथे दोघं मिळून एक वही लिहीत. आज कोणता पक्षी बोलला, कोणतं फूल उमललं, वारा कुठून होता. राजकारणाला त्या वहीत मज्जाव.

१८९९ सालच्या पुस्तकात या शनिवारांचाच अर्क आहे. पुस्तक वाचताना कळतं, की गळ हे निमित्त. ग्रे खरा वर्षचक्राला जोडलेला होता. एप्रिलमध्ये हंगाम उघडतो तेव्हा पूर्वेकडचा वारा बोचत असतो आणि दुपारच्या एक-दोन तासांतच काय त्या माश्या निघतात. काठावर गारठत वाट पाहायची. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा महिना म्हणजे ट्राउटची दिवाळी. मासा भरलेला, जोमदार, कुरणं पिवळ्या फुलांनी झाकलेली. जूनअखेरीस दिवसभर ऊन तापतं आणि मासा संध्याकाळी जागा होतो. तिकडे रात्री नऊलाही उजेड. नदी जणू उकळू लागते, जिकडेतिकडे वर्तुळं. पण तुमच्या माशीकडे मात्र एकही ढुंकून पाहत नाही! जुलैमध्ये शेवाळ माजतं, मासा सुस्तावतो, आणि लंडनमध्ये उकाड्यात अधिवेशन लांबत जातं. ऑगस्टमध्ये सुटी लागली, की ग्रे उत्तरेला समुद्रातून नदीत चढणाऱ्या ट्राउटच्या मागे जाई. ऑक्टोबरपासून ट्राउटला हात लावायचा नाही, तो त्याच्या विणीचा काळ. मग हिवाळाभर फॅलोडनच्या तळ्यावर बदकांना दाणे टाकायचे आणि एप्रिलची वाट पाहायची.

रेल्वे कंपनीचा अध्यक्ष म्हणून तो सुखात होता, तेवढ्यात डिसेंबर १९०५मध्ये लिबरल पक्ष सत्तेवर आला आणि परराष्ट्र खातं त्याच्या गळ्यात पडलं. पुढच्या दोन महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. त्यातली एक सगळ्यांना दिसली, एक कोणालाच दिसली नाही.

न दिसलेली आधी सांगतो. मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात तणाव होता. उद्या फ्रान्सवर हल्ला झालाच, तर ब्रिटिश फौज कशी पाठवायची याबद्दल दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांनी आपसात बोलणी करावीत, याला जानेवारी १९०६मध्ये ग्रेनं संमती दिली. पंतप्रधानांना आणि संरक्षणमंत्र्याला ते ठाऊक होतं. मंत्रिमंडळाच्या बाकीच्या सभासदांना नव्हतं. पूर्ण मंत्रिमंडळापुढे हा विषय यायला १९११ साल उजाडलं.

दिसलेली गोष्ट डोरोथीची. १ फेब्रुवारीला फॅलोडनजवळ तिची घोडागाडी उलटली. ग्रे लंडनमध्ये संरक्षण समितीच्या बैठकीत बसला असताना तार आली. तो धावत पोहोचला. तीन दिवस ती बेशुद्ध होती, ४ फेब्रुवारीला गेली. मूलबाळ नव्हतं. ग्रे ४३ वर्षांचा होता. तो लंडनला परतला आणि टेबलावरच्या फायली उघडल्या. एकट्यानं शनिवारची गाडी धरणं मात्र त्यानं सोडलं नाही. दोघांची वही त्यानं १९०९ साली काही प्रतींपुरती खासगीत छापून घेतली. १९१०च्या जूनमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इंग्लंडला आले. त्यांना इंग्रजी पक्ष्यांचे आवाज ऐकायचे होते. ग्रेनं त्यांना इचेनच्या खोऱ्यात आणि शेजारच्या जंगलात दिवसभर चालवलं आणि सुमारे चाळीस जातींचे पक्षी दाखवले. बरोबर ना लवाजमा, ना वार्ताहर.

आता १९१४. त्या वर्षी ग्रेला वाचताना अडखळायला होऊ लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, दृष्टी जाणार, आणि ती परत येण्यासारखी नाही. जर्मनीतल्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं ठरत होतं. तोच २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २३ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता दिला. २४ तारखेला, शुक्रवारी, तो ग्रेच्या हाती आला. इतर चार राष्ट्रांनी मध्यस्थी करावी, असं त्यानं जर्मन राजदूताला सुचवलं. आणि २५ तारखेला, शनिवारी, तो इचेनकाठी गेला.

ग्रेच्या टीकाकारांनी हा शनिवार त्याला कधीच माफ केला नाही. युरोप पेटत होता आणि परराष्ट्रमंत्री नदीवर! मीही पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कपाळावर हात मारला होता. पुढे थोडं अधिक वाचलं. रविवारी त्याच्या खात्याच्या सचिवानं चार राष्ट्रांची परिषद लंडनमध्ये बोलावण्याचा मसुदा त्याच्याकडे पाठवला. ग्रेनं तिथूनच होकार दिला आणि निरोप त्याच दिवशी युरोपच्या राजधान्यांना गेले. सोमवारी तो कचेरीत होता. परिषद नाकारली ती जर्मनीनं. ग्रे शनिवारभर टेबलाशी बसून राहिला असता, तरी बर्लिनचं उत्तर बदललं असतं असं मला वाटत नाही.

बँकेच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. फरक ज्या दिवशी सापडतो, त्या दिवशी तो झालेला नसतो. आजच्या पानावर तो शोधत बसणारा कारकून रात्र काढतो. मुरलेला हेडक्लार्क मागची पानं उलटतो. ग्रेच्या खात्यातली चूक २५ जुलै १९१४च्या पानावर नाही, जानेवारी १९०६च्या पानावर आहे. फ्रान्सला लेखी वचन दिलेलं नव्हतं, हे खरं. पण आठ वर्षं दोन्ही लष्करं नकाशे उलगडून बसल्यावर, वेळ आली तेव्हा हात झटकणं अवघड झालं होतं. आणि हे ओझं किती जड आहे, हे पार्लमेंटला किंवा जनतेला कधी नीट सांगितलेलं नव्हतं. जर्मनीलाही ब्रिटन नक्की काय करणार याचा अंदाज अखेरपर्यंत येऊ दिला गेला नाही. काठावरच्या माणसाची सावलीसुद्धा पाण्यावर पडू नये, हा नदीवरचा नियम. तो राज्यकारभाराला लावून चालत नाही. ग्रे खोटारडा नव्हता, युद्धखोर तर नव्हताच. पण सगळं आपल्याशीच ठेवण्याची सवय त्याला जडली होती, आणि तिची किंमत फार मोठी पडली. टीकाकारांना सापडला तो मात्र गळ. कारण गळ डोळ्यांत भरतो, जुनी नोंद भरत नाही.

३ ऑगस्टला तो पार्लमेंटमध्ये बोलायला उभा राहिला. तो दिवस इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे होता. घबराटीनं पैसे काढायला झुंबड उडू नये म्हणून ती सुटी पुढे आणखी तीन दिवस वाढवली गेली. भाषणात आकांडतांडव नव्हतं, पण सभागृह त्याच्या बाजूनं वळलं. त्याच संध्याकाळच्या सुमाराची गोष्ट प्रसिद्ध आहे. कचेरीच्या खिडकीतून खाली रस्त्यावर दिवे लावणारा माणूस दिसत होता आणि ग्रेला मात्र साऱ्या युरोपातले दिवे मालवताना दिसले. स्वतःच्या डोळ्यांतले मालवत होतेच. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला ब्रिटन युद्धात उतरलं. हिंदुस्थानला कोणी विचारलं नाही; तो आपोआप ओढला गेला. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या आणि कूतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ला कैद झाल्या. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावात त्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे. ग्रेविषयी कितीही ममत्व वाटलं, तरी त्याचा हिशेब मांडताना ते स्मारक खर्चाच्या बाजूला धरावंच लागतं. मला वाटतं, त्यालाही ते मान्य झालं असतं. युद्ध टाळता आलं नाही, ही टोचणी त्याला अखेरपर्यंत होती.

डिसेंबर १९१६मध्ये सरकार बदललं आणि ग्रे सुटला. पण ज्याच्यासाठी सुटका हवी होती, ते हातचं जात होतं. १९१७ साली फॅलोडनचं घर जळालं. १९२३च्या जानेवारीत इचेनकाठचं घरही जळून गेलं. एक भाऊ १९११ साली आफ्रिकेत सिंहाच्या हल्ल्यात गेला होता. दुसरा १९२८ साली तिथेच रानरेड्यानं मारला. १९२२ साली त्यानं पामेला या जुन्या स्नेही बाईंशी लग्न केलं. त्याही १९२८ साली गेल्या. आणि पाण्यावरचा तो इवलासा ठिपका आता त्याला दिसेनासा झाला होता. इचेनवरचा खेळ संपला.

यापुढचा ग्रे मला सगळ्यात मोठा वाटतो. डोळ्यांनी करायचं ते संपलं, तेव्हा त्यानं हातांनी आणि कानांनी करायचं ते शोधलं. स्कॉटलंडच्या नद्यांवर तो सामन माशामागे जाऊ लागला. तिथे माशी पाण्याखाली असते, मासा लागला की काठीतून थेट तळहाताला कळतं. तो ब्रेल शिकला. वर्ड्सवर्थच्या कविता त्याला पाठ होत्याच. १९२५ साली राजकीय आठवणींचे दोन खंड काढले, आणि १९२७ साली पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात पाहण्यापेक्षा ऐकणंच अधिक आहे. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात गाऊ लागतो, कधी गप्प होतो, हे सारं कानानं टिपलेलं. फॅलोडनची बदकं त्याच्या हातून पाव खात. रॉबिन पक्षी त्याच्या हॅटवर येऊन बसे. तसा त्याचा फोटोही आहे.

१९२८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठानं त्याला कुलपती केलं. अभ्यास करत नाही म्हणून ज्याला घरी पाठवलं होतं, त्यालाच! १९३८ साली तिथे पक्षी-अभ्यासाची संस्था निघाली, तिला त्याचंच नाव दिलं. ते पाहायला तो नव्हता. ७ सप्टेंबर १९३३ रोजी फॅलोडनला तो गेला. ट्राउटचा हंगाम संपायला अजून काही दिवस बाकी होते.

मी निवृत्त झालो त्याला आता काही वर्षं झाली. आठवड्याचे सातही दिवस शनिवारच आहेत. गळ मी अजून हातात धरलेला नाही, आणि आता या वयात धरीन असं वाटत नाही. पण एप्रिल लागला, की ते फोर्टातलं पुस्तक खाली काढतो. आमच्याकडे तेव्हा झळा लागत असतात, पंखा गरम वारा फेकत असतो. त्या पानांवर मात्र पहाटेची गाडी गावाच्या स्टेशनात शिरते, एक उंच माणूस आणि त्याची बायको खाली उतरतात आणि काही न बोलता नदीची वाट धरतात.